मंदी येणार म्हणून जुनी गाडी घ्यायची थांबावे का?

खानापूर तालुक्यातून रोज बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला येणाऱ्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या कारखान्यात तीन पाळ्यांच्या दोन झाल्या आहेत, ओव्हरटाइम बंद आहे आणि मंदी येणार असे ते सगळीकडून ऐकत आहेत. घरी वृद्ध आई आहे, तिला महिन्यातून दोनदा बेळगावला दवाखान्यात आणावे लागते, म्हणून चार लाखांपर्यंतची जुनी गाडी घेण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांतले दीड लाख हातात आहेत, उरलेले अडीच लाख कर्ज काढावे लागेल. मंदीत लोक गाड्या विकायला काढतील आणि भाव कोसळतील असे त्यांनी अमेरिकेतल्या कोणाच्या तरी व्हिडिओत पाहिले आहे, तेव्हा सहा-आठ महिने थांबावे काय, आणि कोल्हापूरकडची गाडी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त मिळते ती घ्यावी काय, असे दोन प्रश्न त्यांनी केले आहेत.

सेकंड हँड गाड्यांच्या धंद्यात मला बावीस वर्षे झाली. पहिली सहा वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्या दाखवून कमिशन घेणारा एजंट होतो. त्यानंतर स्वतःचे भांडवल घालून गाड्या घेतो आणि विकतो. म्हणजे भाव पडले तर ज्याच्या खिशाला झळ बसते असा मी माणूस आहे, हे आधीच सांगितलेले बरे. माझ्या मतातून तेवढी वजावट तुम्ही करून घ्यावी.

तुम्ही विचारले आहे भावाबद्दल, पण मला त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दिसतात: मंदीत भाव उतरतात का, उतरले तर तो उतार तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाच्या हाती येतो का, आणि पगार डळमळीत असताना अडीच लाखांचे कर्ज अंगावर घ्यावे का. पहिल्याचे उत्तर गाडीगाडीवर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘फारसा येत नाही’ असे आहे, आणि ते का हे व्यापाऱ्यांव्यतिरिक्त कोणी सहसा सांगत नाही, म्हणून त्यावरच मी जास्त लिहिणार आहे. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या कारखान्याच्या ऑर्डरींत आहे, माझ्याकडे नाही.

जुन्या गाडीचा भाव ठरतो तो मुख्यतः तीच किंवा तिच्यासारखी नवी गाडी शोरूममध्ये कितीला मिळते यावरून. मंदी हा शब्द वर्तमानपत्रात आला म्हणून माझ्या यार्डातल्या गाडीचा भाव पाच हजारांनीही हलत नाही; शोरूमवाल्याने पंचवीस हजारांची सूट जाहीर केली की दुसऱ्या दिवशी हलतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. ज्या लहान पेट्रोल गाडीची करापूर्वीची किंमत पाच लाख होती, ती २९ टक्क्यांनी सहा लाख पंचेचाळीस हजारांना पडत होती, ती १८ टक्क्यांनी पाच लाख नव्वद हजारांवर आली. म्हणजे नवी गाडीच पंचावन्न हजारांनी उतरली. मग त्याच मॉडेलची एक वर्षाची, दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी माझ्याकडे पाच लाख साठ हजारांना कोण घेणार? त्या वेळी देशात मंदी नव्हती, तरी माझ्या सहा गाड्यांवर मला घाटा सोसावा लागला. पंधरा ऑगस्टला करकपातीची घोषणा झाली आणि तेव्हापासून नवरात्रापर्यंत, म्हणजे ऐन गणपतीच्या दिवसांतही, माझ्याकडे फक्त चौकशा येत होत्या. भाव विचारायचे, चहा घ्यायचे आणि ‘घटस्थापनेनंतर बघू’ म्हणून जायचे. गिऱ्हाइकाचे बरोबरच होते.

हीच गोष्ट मी २००८ च्या अखेरीस पाहिली होती. जगभर मंदीचा गाजावाजा होता, पण इथल्या जुन्या गाड्यांचे भाव खऱ्या अर्थाने हलले ते डिसेंबरमध्ये, केंद्र सरकारने उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी कमी केल्यावर. २०१९ सालीही तसेच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या तुलनेत तीस टक्क्यांहून अधिक घटली होती, तरीही जुन्या लहान गाड्यांना दाब जाणवला तो नंतर, १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक लागू होणार म्हणून शोरूमवाले बीएस चारचा माल मिळेल त्या सवलतीत काढू लागले तेव्हा. मंदी जुन्या गाडीपर्यंत बहुधा अशी वळसा घेऊन येते: नवी गाडी खपत नाही, म्हणून कंपनी सूट देते किंवा सरकार कर उतरवते, आणि मग जुनीला खाली यावे लागते. नव्या गाडीवर सूटच नसेल तर जुनीचा भाव पडण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून बातम्या पाहण्याऐवजी तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलच्या नव्या गाडीचे कोटेशन दर महिन्याला शोरूममधून फोनवर विचारून लिहून ठेवा. जुनीचा भाव कुठे जाणार हे त्यातून आठवडा-पंधरा दिवस आधी कळते.

आता मागणीची बाजू. मंदीत गिऱ्हाईक कमी होते हे खरे, पण ते सगळ्या टप्प्यांवर सारखे कमी होत नाही. ज्याला आठ लाखांची नवी गाडी घ्यायची होती, तो हात आखडता घेतो आणि पाच लाखांची तीन वर्षे जुनी गाडी पाहायला येतो. पाच लाखवाला साडेतीनवर येतो. वरून खाली उतरणारे हे सगळे लोक जिथे येऊन थांबतात तो टप्पा म्हणजे तीन ते पाच लाख, आणि दुर्दैवाने तुमचाही टप्पा तोच आहे. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन, जुनी ईको, गावाकडे बोलेरो या गाड्या मंदीतही माझ्याकडे फार दिवस उभ्या राहत नाहीत. याउलट बारा-पंधरा लाखांची जुनी डिझेल एसयूव्ही, मोठ्या इंजिनाची सेडान, किंवा जिचा एक दिवा बदलायचा तर चाळीस हजार लागतात अशी परदेशी नावाची गाडी मंदीत सपाटून पडते. या गाड्यांचे गिऱ्हाईक म्हणजे ठेकेदार, प्लॉटचा व्यवहार करणारे, बांधकामवाले. त्यांची बिले थकली की घेणारा तर उरत नाहीच, उलट तेच विकायला येतात. ‘मंदीत गाडी निम्म्या किमतीत मिळाली’ अशी जी गोष्ट तुमच्या कानावर येते ती बहुधा अशा गाडीची असते, आणि ती घेणाऱ्याने पहिल्या दोन सर्व्हिसिंगमध्ये काय मोजले हे त्या गोष्टीत नसते.

पुरवठ्याबद्दल लोकांचा अंदाज हमखास चुकतो. मंदीत लोक गाड्या विकायला काढतील असे तुम्हाला वाटते, पण माझ्याकडे येणारा चांगला माल, म्हणजे पहिल्या मालकाची, शोरूममध्ये सर्व्हिसिंग झालेली गाडी, अडचणीतल्या माणसाकडून क्वचितच येते. ती येते एक्स्चेंजमधून. बँकेतला अधिकारी किंवा कॉलेजातला प्राध्यापक पाच वर्षांनी गाडी बदलतो, त्याची जुनी गाडी बाजारात येते. मंदीत हाच माणूस म्हणतो की अजून दोन वर्षे हीच चालवू. नव्या गाड्या खपेनाशा झाल्या की एक्स्चेंज आटते, एक्स्चेंज आटले की चांगला माल आटतो, आणि जो थोडा उरतो त्याचा भाव टिकतो किंवा चढतो.

हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीने ओढून नेलेल्या गाड्या मात्र मंदीत वाढतात. पण त्यांना वेळ लागतो. कर्ज नव्वद दिवस थकले की ते थकीत खात्यात धरले जाते, मग नोटिसा, मग जप्ती, मग यार्डात पडून राहणे आणि मग लिलाव; मंदी सुरू झाल्यापासून या गाड्या बाजारात दिसायला माझ्या अनुभवाने आठ-दहा महिने ते वर्ष जाते. शिवाय त्यात सरकारी निर्णय मध्ये येऊ शकतात. २०२० साली आम्ही सगळे व्यापारी अशा गाड्यांचा लोंढा येणार म्हणून हात राखून बसलो होतो. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि लोंढा आलाच नाही. उलट जूनमध्ये बाजार उघडला तेव्हा बसगाड्या पुरत्या सुरू नव्हत्या, नेहमीच्या रेल्वेगाड्या बंद, लोकांना दुसऱ्याच्या शेजारी बसायची भीती, आणि आयुष्यात कधी गाडीचा विचार न केलेली कुटुंबे दोन-अडीच लाखांची अल्टो मागत माझ्या दारात उभी राहिली. पुढे २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्यांना कित्येक महिन्यांचे वेटिंग लागले, तेव्हा तर वर्षभरापूर्वी घेतलेली गाडी लोकांनी घेतल्या किमतीत विकली.

भाव सरळ पडलेला मी एकदाच पाहिला, आणि तो नोव्हेंबर २०१६ मध्ये. आठ तारखेला नोटबंदी झाली. त्या काळी आमच्या धंद्यातला बराच व्यवहार रोखीचा असे. लोकांची नोकरी गेली नव्हती, पगार होते, शेतमाल होता, पण हातात देण्याजोगे पैसे नव्हते. दीड महिना एकही गाडी विकली गेली नाही आणि ज्याला विकायचीच होती त्याने मिळेल त्या भावात दिली. २०१८ च्या शेवटी वित्त कंपन्यांनी कर्ज देण्यात हात आखडला तेव्हाही, कर्जावरच खपणाऱ्या टॅक्सी पासिंगच्या गाड्यांत असाच पण सौम्य प्रकार झाला. यावरून मी जे अनुमान काढले आहे ते असे की गिऱ्हाइकाला भीती वाटते म्हणून भाव पडत नाहीत, गिऱ्हाइकाजवळचा किंवा त्याच्या सावकाराजवळचा पैसा अडकतो तेव्हा पडतात. आणि तसे झाले तर अडीच लाख कर्जाने घेणारे तुम्हीही त्याच अडकलेल्या लोकांत असाल.

अमेरिकेचे भाकीत इथे लावू नये, हे एका परिच्छेदात सांगतो. तिथे भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि लीजवर दिलेल्या लाखो गाड्या असतात. धंदा बसला की त्या एकदम बाजारात येतात, म्हणून तिथे भाव खरेच कोसळू शकतात. आपल्याकडे असा साठा जवळपास नाही. आणि तिथलीही भाकिते चुकतात. मे २०२० मध्ये हर्ट्झ या भाडेगाड्यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आता जुन्या गाड्या मातीमोल होणार असे म्हटले गेले; जून २०२१ मध्ये तिथल्या सरकारी निर्देशांकानुसार जुन्या गाड्या वर्षभरात पंचेचाळीस टक्क्यांनी महागल्या होत्या.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. समजा मंदी आली आणि भाव थोडे उतरलेही, तर ते कोणासाठी उतरतात? मंदीत माझे दोन भाव होतात आणि त्यांच्यामधले अंतर वाढते. नेहमीच्या दिवसांत जी गाडी मी तीन लाखांना घेऊन तीन लाख तीस हजारांना विकतो, तीच मंदीत मी दोन लाख सत्तर हजारांना मागतो आणि तीन लाख वीस हजारांना विकतो. विकणाऱ्याचे तीस हजार गेले, घेणाऱ्याला दहाच मिळाले. यात नुसती लबाडी आहे असे समजू नका. चांगल्या दिवसांत गाडी माझ्याकडे महिनाभर उभी राहते, मंदीत अडीच-तीन महिने. तीन लाखांवर महिना दीड टक्का व्याज म्हणजे साडेचार हजार. तीन महिन्यांचे साडेतेरा हजार. बॅटरी उतरते, टायर बसतात, वर पुढे भाव अजून उतरण्याची भीती असतेच. शिवाय नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, पण तो पूर्ण किमतीवर नसून नफ्याच्या रकमेवर असतो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सर्व गाड्यांना हा एकच दर लावायचे ठरवले, तेव्हा चार लाखांच्या गाडीवर बहात्तर हजार कर लागणार अशी अफवा पसरून आठवडाभर लोक मला फोन करत होते. माझा नफा पन्नास हजार असेल तर कर नऊ हजार. तोही त्या वाढलेल्या अंतरातूनच निघतो.

मंदीचा खरा फायदा त्या अंतरात आहे. माझ्याकडून घेतलेल्या गाडीत तो तुम्हाला मिळणार नाही. जो माणूस उद्या माझ्याकडे दोन सत्तरला द्यायला येणार आहे, त्याला तुम्ही आज गाठून दोन नव्वद दिलेत तर तो आनंदाने देईल. त्याला माझ्यापेक्षा वीस हजार जास्त आणि तुम्हाला माझ्यापेक्षा तीस हजार कमी. दोन व्यक्तींच्या आपसातल्या अशा विक्रीवर जीएसटीही नाही. असा विकणारा कुठे भेटतो? तुमच्याच कारखान्यात, देवळाच्या कट्ट्यावर, सोसायटीच्या सचिवाकडे आणि मुख्य म्हणजे गॅरेजमध्ये. गावातल्या मेकॅनिकला कोणाची गाडी विकायची आहे हे माझ्या आधी कळते. त्याला दोन हजार रुपये द्यायची तयारी ठेवा आणि सांगून ठेवा.

आपल्या भागापुरते बोलायचे तर दिल्ली-मुंबईच्या मंदीपेक्षा इथल्या भावांवर ऊसबिलाचा परिणाम जास्त होतो. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो किती पाळला जातो हे चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या शेतकऱ्याला विचारावे. बिले वेळेवर जमा झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलेरो हातात राहत नाही, थकली की पाडव्यालाही गिऱ्हाईक नाही. निपाणीकडे तंबाखूचे पैसे आले की तसेच. दसरा-दिवाळीला भाव तेजीत असतात, पितृपक्षात आम्ही माशा मारत असतो आणि गाडीचे वर्ष एकाने वाढते म्हणून डिसेंबर-जानेवारीत सौदा थोडा नरम होतो. वर्षभरातली ही वरखाल चार लाखांच्या गाडीत पंधरा-वीस हजारांची असते, म्हणजे मंदीमुळे प्रत्यक्षात तुमच्या हाती जेवढे येईल त्याच्या बरेचसे जवळ. आणि काहीच घडले नाही तरी सहा महिन्यांत चार लाखांची गाडी वयामुळेच तेवढी उतरते. पण ती त्या वेळी सहा महिन्यांनी जुनीही झालेली असते, हे लोक धरत नाहीत.

कर्जाचा हिशेब मात्र काळजीपूर्वक करा, कारण भावातली सूट तिथे सहज गिळली जाते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा नेहमीच जास्त असतो. अडीच लाख रुपये चार वर्षांसाठी तेरा टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण सहा हजार सातशे येतो आणि एकूण व्याज बहात्तर हजार. तेच सोळा टक्क्यांनी घेतले तर हप्ता सात हजार पंचाऐंशी आणि व्याज नव्वद हजार. फरक अठरा हजारांचा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरून उतरवायला सुरुवात केली, पण तो उतार मोठ्या बँकांच्या नव्या गाड्यांच्या कर्जात जितका लवकर दिसतो तितका जुन्या गाड्यांना कर्ज देणाऱ्या लहान वित्त कंपन्यांत दिसत नाही. मंदीची चाहूल लागली की या कंपन्या दर वाढवतात किंवा गाडीच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांऐवजी साठच टक्के देतात, आणि पगाराच्या पावतीत ओव्हरटाइम दिसत नसेल तर तुमची पात्रताही घटते. तुम्ही सहा महिने थांबून पंधरा हजारांची सूट मिळवलीत आणि कर्ज तीन टक्के महाग मिळाले, तर गणित उलटेच झाले. ज्या सहकारी सोसायटीत तुमचा पगार किंवा ठेव आहे तिथे आधी विचारा.

कोल्हापूरच्या गाडीबद्दल. एमएच शून्य नऊ (कोल्हापूर) किंवा एमएच दहा (सांगली) पासिंगची गाडी इथल्या केए बावीसपेक्षा स्वस्त दिसते ती बहुतांशी रोड टॅक्समुळे. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या नव्या गाडीला आजीवन कर चौदा टक्के आणि वर उपकर आहे; महाराष्ट्रात त्याच टप्प्याच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के. स्वस्त गाडी घेऊन ती तशीच फिरवता येईल असा अनेकांचा समज असतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो घेताना कर्नाटकचा कर मूळ किमतीवर, वयाप्रमाणे सूट वजा करून, भरावा लागतो. सहा लाखांना घेतलेल्या पाच वर्षांच्या गाडीला हा आकडा माझ्या अनुभवात पन्नास हजारांच्या वर गेलेला आहे. महाराष्ट्रातल्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो इथली नोंदणी झाल्यावर, तिथल्या कार्यालयात खेटे घालून. म्हणजे तुम्हाला दिसलेले पन्नास-साठ हजार स्वस्ताईचे नाहीत, ते पुढे भरायच्या कराचे आहेत. तुमच्या बाबतीत केए पासिंगच पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही एखादी फारच चांगली गाडी तिकडे मिळाली तर सत्तावीस, अठ्ठावीस अशा फॉर्मांच्या नावांत अडकू नका, एवढेच पाहा की तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, फक्त इसार द्यायचा आणि तोही बँकेतून.

मंदीत स्वस्त मिळणाऱ्या गाड्यांत दोन प्रकारांपासून दूर राहा. पहिला पुरातल्या गाड्यांचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढची दोन वर्षे या पट्ट्यात फिरत होत्या, आणि काही अजून हात बदलत आहेत. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडी तिथेच सोडा. डिकीत स्टेपनीखालची जागा आणि सीटच्या रेल्सचा गंजही पाहा. दुसरा प्रकार मालक न बदललेल्या गाड्यांचा: आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, एकाचे नाव, सह्या केलेले कोरे फॉर्म दुसऱ्याकडे, गाडी तिसऱ्याच्या दारात. मंदीत एजंट ट्रान्स्फरचा खर्च वाचवायला हे सर्रास करतात. अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव त्याचीच जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे शहाणा विकणारा स्वतःच ट्रान्स्फरची घाई करतो. जो घाई करत नाही त्याच्याकडून घेऊ नका. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि आरसीवरून कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही पाहा. एका गिऱ्हाइकाला मी स्वतः, धंद्याच्या सुरुवातीच्या काळात, नुसत्या पत्रावर गाडी दिली होती आणि बोजा उतरवायला मला सात महिने लागले; त्या सात महिन्यांत त्याने मला रस्त्यात ओळख दाखवली नाही.

आता तुमचे. आईला महिन्यातून दोनदा आणायचे म्हणजे खानापूर भागातून येऊन-जाऊन भाड्याच्या गाडीचे, दवाखान्यात थांबण्यासह, दोन फेऱ्यांचे तीन-साडेतीन हजार होतात. स्वतःच्या गाडीचा नुसता हप्ताच सहा हजार सातशे, त्यावर विमा, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग. म्हणजे थांबलात तर महिन्याला तुमचे नुकसान होत नाही, उलट थोडे वाचते. भावाच्या आशेने थांबू नका, पण पगाराच्या काळजीने थांबायला हरकत नाही. कारखान्याची तिसरी पाळी परत सुरू होते की दुसरीही जाते हे दोन-तीन महिन्यांत कळेल. तोवर हप्त्याचे सहा हजार सातशे दर महिन्याला पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकून पाहा. तीन महिने ओढाताण न होता जमले तर कर्ज झेपेल, आणि वीस हजार जास्तीचे हातात असतील, तेवढे कर्ज कमी घ्या. नाही जमले तर दीड लाख आणि हे जमलेले मिळून एक लाख सत्तर हजारांच्या आत बिनकर्जाची दहा-बारा वर्षांची अल्टो किंवा वॅगन आर पाहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून त्याला किमान तीन वर्षे शिल्लक असलेलीच घ्या. आणि गाडी पाहायला जाल तेव्हा आईला एकदा पुढच्या सीटवर बसवून उतरवून पाहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अल्टोतून उठायला जमत नाही म्हणून महिनाभरात परत विकायला आलेल्या तीन गाड्या मी घेतल्या आहेत, तिन्ही वेळा पडत्या भावात.